‘नाही’ असेल तर ‘होय’ दाबा!

पोस्ट लांब आहे. पण पालघर-बोईसरच्या ज्या ज्या घरात लाडक्या बहिणीचं ई-केवायसी झालंय, त्या प्रत्येक घराचा हा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. आधी दोन महिन्यांची मुदत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. त्या फॉर्ममध्ये एक विधान होतं. अर्थ असा, की माझ्या कुटुंबातलं कोणी कायमस्वरूपी सरकारी नोकरीत नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही. खाली दोन पर्याय, होय आणि नाही. हे विधान खरं असेल तर ‘होय’ दाबायचं.

आता आपल्याकडे बाई बोलते कशी ते आठवा. “ताई, घरात कोणी सरकारी नोकरीला नाही ना?” “नाही हो, कोणी नाही.” झालं! तिने ‘नाही’ दाबलं. संगणकाने त्याचा अर्थ घेतला, की विधान खोटं आहे, म्हणजे घरात सरकारी नोकर आहे. महिन्याचे १५०० रुपये थांबले. जानेवारी २०२६ मध्ये सरकारलाच सांगावं लागलं, की चुकीचा पर्याय निवडला गेलेल्यांची अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करू. म्हणजे एका वाक्याची दुरुस्ती सेविकांनी दारोदार चालून करायची. याच सेविकांनी २०२१ मध्ये निकृष्ट मोबाईल आणि मराठी नसलेलं पोषण ट्रॅकर अ‍ॅप यांना वैतागून राज्यभर फोन परत केले होते, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट त्याच फॉर्ममधली. पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक द्या. आणि नवरा वारलेला, वडीलही नाहीत, अशी बाई? तिच्यासाठी सुरुवातीला रस्ताच नव्हता. ओरड झाल्यावर फॉर्ममध्ये बदल केला, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद सेविकेकडे द्यायची सोय झाली. पण विधवा ही काय नवीन गोष्ट आहे का? योजनेच्या पात्रतेत पहिल्या दिवसापासून विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आहेतच की.

ओटीपी न येणं, साईट न उघडणं हा भाग वेगळा. वरच्या दोन्ही गोष्टींत मात्र काही बिघडलेलं नव्हतं. सांगितलं होतं तसंच यंत्र चालत होतं. म्हणूनच मला हा विषय जास्त गंभीर वाटतो.

मी या धंद्यात अकरा वर्षं आहे. आधी रोज डहाणू लोकलने अंधेरी, आता निम्मा आठवडा बोईसरमधून काम. बाहेरच्यांना वाटतं सॉफ्टवेअर ‘कॉम्प्युटरवाला’ बनवतो. तसं नसतं. एक जण ठरवतो स्क्रीनवर काय दिसणार, काय विचारायचं, बटण कुठे. तो डिझायनर. दुसरा ते चालतं करतो, तो डेव्हलपर. बऱ्याच ठिकाणी ही दोन माणसं वेगळ्या शहरात, कधी वेगळ्या कंपनीत असतात. एकाने चित्र काढून फाईल पाठवायची, दुसऱ्याने तारखेच्या आत ती बांधायची. डिझायनरच्या चित्रात माणसाचं नाव नेहमी ‘राहुल शाह’ असतं, नेटवर्क फुल्ल असतं आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. डेव्हलपरला पहिल्यांदा कळतं की नाव लांब असतं, मराठीत वेलांट्या-मात्रा वर कापल्या जातात, रकाना रिकामाही राहू शकतो. पण त्याला विचारतो कोण? तो म्हणतो डिझाईनमध्ये नव्हतं. डिझायनर म्हणतो मला नियम असाच दिला होता. आणि नियम देणारा साहेब म्हणतो, मी तर फक्त जीआरमधलं वाक्य दिलं.

एक डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यासाठी (नाव घेत नाही) शिफ्टच्या नोंदींचं अ‍ॅप झालं होतं. दर तासाला तापमान, दाब, पातळी मोबाईलवर भरायची, वेळ आपोआप पडणार. स्क्रीन इतके सुंदर की मालक खूश. डेव्हलपिंगही चोख. मी नंतर सपोर्टला गेलो तेव्हा बघतो तर सगळ्या नोंदी संध्याकाळी एकाच वेळच्या! कारण साधं होतं. प्लांटच्या त्या भागात सॉल्व्हंटची वाफ असते, साधा मोबाईल आत न्यायला बंदी. फोन गेटवर जमा. ऑपरेटर आत कागदावर लिहायचे आणि शिफ्ट सुटल्यावर गेटवर उभं राहून आठ तासांचं एकदम भरायचे. लोकल पकडायची घाई, हात तेलकट. डिझायनर चांगला होता, डेव्हलपर चांगला होता, मी दोघांनाही ओळखतो. त्या गेटवर मात्र दोघांपैकी कोणी कधी उभं राहिलेलं नव्हतं, आणि एकमेकांशी तर ते फक्त फाईलमधून बोलले होते.

गंमत म्हणजे याच कारखान्यात या रोगावरचं औषध रोज वापरात होतं. हॅझॉप! आपल्यापैकी कित्येकांच्या घरात हा शब्द जेवताना ऐकू येतो. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९६० च्या दशकात ही पद्धत आकाराला आली. प्लांट बांधायच्या आधी प्रोसेस, इन्स्ट्रुमेंटेशन, मेंटेनन्स, सेफ्टी आणि प्रत्यक्ष प्लांट चालवणारा माणूस, सगळे एका टेबलाशी बसतात. मध्ये ड्रॉइंग. एकेक पाइपलाइन घेऊन विचारतात : प्रवाह आलाच नाही तर? जास्त आला तर? उलटा आला तर? कंटाळवाणं काम आहे, दिवसचे दिवस जातात. पण ड्रॉइंग काढणारा आणि वॉल्व्ह फिरवणारा समोरासमोर बसल्याशिवाय काही प्रश्न सुचतच नाहीत, हे या धंद्याने रक्त सांडून शिकलंय.

फॉर्मचंही असंच करता येतं. ‘पतीचा आधार’ या रकान्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं : नसेल तर? दोन असतील तर? नवरा आहे पण दहा वर्षं बेपत्ता आहे तर? ‘होय/नाही’वर बोट ठेवून : उलट दाबलं तर? परत फिरायची वाट आहे का? अर्ध्या दिवसाचं काम आहे हो.

आपण तर देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राच्या शेजारी राहतो, १९६९ पासून. म्हणून थ्री माइल आयलंडचं एक सांगतो. २८ मार्च १९७९, अमेरिका. अणुभट्टीची एक झडप उघडी अडकली. पॅनलवरचा दिवा मात्र विझला, म्हणून ऑपरेटरांना वाटलं झडप बंद झाली. प्रत्यक्षात तो दिवा एवढंच दाखवत होता, की बंद होण्याचा आदेश गेला. झडप खरंच बंद झाली का, हे तो दाखवतच नव्हता. आधी सगळ्यांनी ऑपरेटरांना दोष दिला. पुढे कंट्रोल रूम तपासायला गेलेल्यांत डॉन नॉर्मन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं पडलं, की चूक माणसांपेक्षा त्या खोलीच्या रचनेत आहे. आज ‘यूएक्स’ म्हणून जे कोर्स विकले जातात, त्या विषयातलं हे मोठं नाव. आता आपल्या बायकांना ‘तुम्ही चुकीचं बटण दाबलं’ म्हणणाऱ्यांनी हा दिवा जरा आठवावा.

यावर आमच्या धंद्यात एक फॅशनेबल उत्तर आहे, डिझायनरने कोडिंग शिकावं. मला ते पटत नाही. शिकला तर चांगलंच, पण राजमिस्त्रीने आर्किटेक्ट व्हायची गरज नसते, दोघांनी एकाच वेळी साईटवर उभं राहायची असते. दुसरं उत्तर नवीन, की आता एआय चित्रावरून थेट कोड लिहील, मधली भिंतच गेली. अहो, चित्रातच विधवा नसेल तर एआय तिला कुठून आणणार? उलट चुकीचा फॉर्म दुप्पट वेगाने तयार होईल.

पैसे आणि वेळ जातो, हा आक्षेप खरा आहे. निविदेत ‘अमुक तारखेला पोर्टल सुरू’ एवढंच असेल तर कंत्राटदार दुसरं काही करणारही नाही. म्हणून निविदेतच लिहा. कोणतंही अ‍ॅप राज्यभर सोडण्याआधी ते बनवणारे दोघेही, चित्र काढणारा आणि कोड लिहिणारा, एक दिवस मोखाड्याच्या अंगणवाडीत आणि एक दिवस बोईसरच्या कामगार वस्तीत बसतील. स्वस्तातला फोन, एक काडी नेटवर्क, आणि समोर सेविका. त्यांनी बोलायचं नाही, फक्त बघायचं. शेवटचा हप्ता त्यानंतर.

आपल्या जिल्ह्यात हे सुरू करायला मंत्रालयाची वाट बघायची गरज नाही. जिल्हा परिषद स्वतःचं एखादं अ‍ॅप किंवा ऑनलाइन अर्ज आणेल, तेव्हा आधी दहा सेविकांसमोर ठेवा, एवढी मागणी आपण करू शकतो. मी निवेदनाचा मसुदा लिहायला घेतलाय. सेविका, सेतूवाले, सायबरवाले, ज्यांनी शेकडो फॉर्म भरलेत, त्यांनी कमेंटमध्ये लिहा : कुठल्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यावर माणसं अडकतात. फोटो टाकलात तर आधार नंबर झाकून टाका.