औषधांचा रकाना

तरुण संसाराच्या जमाखर्चाची वही उघडून पाहावी. घरकर्जाचा हप्ता, मुलांची शाळा, किराणा, दूध, वीज, पेट्रोल असे रकाने तेथे ठळकपणे आखलेले असतात. हल्ली ही वही मोबाइलमध्ये गेली असली तरी रकाने तेच आहेत. मात्र आईवडील एकत्र राहत असलेल्या घरांतही एक रकाना बहुधा सापडत नाही, तो ज्येष्ठांच्या औषधपाण्याचा. खर्च तर होतच असतो. कधी वडील निवृत्तिवेतनातून परस्पर भागवतात, कधी मुलगा येताना गोळ्या आणतो, कधी सून घरखर्चातून तपासणीचे पैसे देते. पैसे तिघांच्या खिशांतून जातात आणि एकूण किती गेले, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

याचे कारण आळस क्वचितच असते; बहुतेक वेळा ती भीड असते. मुलाला वाटते, आईवडिलांच्या औषधांचा हिशेब काय मांडायचा! आईवडिलांना वाटते, पोरांच्या डोक्यावर आधीच कर्ज आहे, त्यात आपली भर कशाला? दोन्ही भावना सुंदर आहेत. परंतु भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज उगीच म्हणत नसत. न बोलल्यामुळे होणारा पहिला तोटा पैशाचा नसून प्रकृतीचा असतो.

आपल्या वयाच्या मंडळींत एक गोष्ट सर्रास घडते. रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची असते. ती एक दिवसाआड घेतली जाते. मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी रात्रीची वगळली जाते. पाकीट महिन्याऐवजी दोन महिने पुरते आणि बचत केल्याचे समाधान मिळते. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून ही काटकसर निर्धोक वाटते. प्रत्यक्षात अनियंत्रित रक्तदाबाची परिणती अर्धांगवायूत, हृदयविकारात किंवा मूत्रपिंडाच्या विकारात होऊ शकते. मग ज्या संसाराचे दोन-चारशे रुपये वाचवायचे होते, त्याच संसारावर इस्पितळाचे बिल, शुश्रूषेचा भार आणि कर्ज एकदमच कोसळते. गोळी अर्धी करणे ही बचत नव्हे, ते पुढच्या पिढीच्या नावावर काढलेले कर्ज आहे.

म्हणून पहिली सूचना अशी, की औषधांचा रकाना उघडपणे मांडावा. उदाहरणादाखल एक घर घेऊ. पतिपत्नी, एक मूल आणि आजीआजोबा. समजा, तरुण दांपत्याचे मिळून हाती येणारे उत्पन्न महिना ८०,००० रुपये आहे. घरकर्जाचा हप्ता २७,०००, मुलाची शाळा व गाडी ८,०००, किराणा-दूध-भाजी-गॅस १६,०००, वीज, फोन व सोसायटी ६,००० आणि प्रवास ६,००० रुपये. ही बेरीज ६३,००० होते. कागदावर १७,००० रुपये शिल्लक दिसतात आणि त्या भरवशावर नव्या गाडीचा विचार सुरू होतो.

आता राहिलेला रकाना भरू. दोघा ज्येष्ठांची नेहमीची औषधे ४,५०० रुपयांची. दर तीन महिन्यांच्या रक्ततपासण्या २,४०० रुपयांच्या, म्हणजे महिन्याला ८००. चष्मा, दात, डोळ्यांची तपासणी यांसाठी वर्षाला १२,०००, म्हणजे महिन्याला १,०००. दोघांच्या आरोग्य विम्याचा वार्षिक हप्ता ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. एकूण १०,३०० रुपये झाले. खरी शिल्लक ६,७०० रुपये आहे. आकडे आपापल्या घराप्रमाणे बदलतील, पण रीत तीच राहील. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाला बाराने भागावे आणि तो दरमहा बाजूला काढावा. विम्याचा हप्ता अचानक अंगावर येत नाही. त्याची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते.

याच उदाहरणातील आजोबांना ९,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते असे धरू. ही रक्कम मोघमपणे घरखर्चात विरून जाण्यापेक्षा आजोबांनी औषधे व तपासण्यांचे ५,३०० रुपये आपल्याकडे घ्यावेत. उरलेले ३,७०० सर्वस्वी त्यांचे. त्यांचा हिशेब कोणी विचारू नये. नातवाला पुस्तक, देवळात दक्षिणा, मित्रांसोबत चहा यांसाठी वृद्धाच्या हाती स्वतःचा पैसा असणे हाही प्रकृतिस्वास्थ्याचाच भाग आहे. इकडे तरुण दांपत्याची शिल्लक १२,००० वर जाते. त्यातील १०,००० रुपये दरमहा वेगळ्या खात्यात टाकले तर पाच महिन्यांत ५०,००० रुपये साठतात. इस्पितळात दाखल होताना मागितल्या जाणाऱ्या अनामत रकमेसाठी हा पहिला टप्पा. पुढे काही महिन्यांच्या घरखर्चाइतका निधी होईपर्यंत हे खाते वाढवीत न्यावे. जेथे निवृत्तिवेतन नाही, तेथे भावंडांनी बसून वाटणी करावी. दूर राहणाऱ्या मुलाने वा मुलीने विम्याचा हप्ता आपल्याकडे घेतला, तर जवळ राहणाऱ्यावरचा भार आणि मनातील कुरबुर, दोन्ही कमी होतात.

औषधांचा खर्च कमी करण्याचे मार्ग आहेत, मात्र ते डॉक्टरांच्या दारातून जातात. हृदयाचे, हाडांचे, पोटाचे असे निरनिराळे तज्ज्ञ झाले की गोळ्या वाढत जातात; कधी एकाच प्रकारचे औषध दोन नावांनी घेतले जाते. पुढच्या भेटीला घरातील सर्व पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत आणि नेहमीच्या डॉक्टरांना दोन प्रश्न स्पष्टपणे विचारावेत: यांतील कोणते औषध आता अनावश्यक आहे, आणि कोणते जेनेरिक स्वरूपात घेता येईल? प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांत अनेक नेहमीची औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. रक्त पातळ करणारी, थायरॉइडची किंवा फिटची औषधे मात्र परस्पर बदलू अथवा बंद करू नयेत.

विम्याविषयी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संपूर्ण कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत हप्ता सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या वयावर ठरतो. म्हणून तरुण दांपत्य व मूल यांची एक आणि ज्येष्ठांची वेगळी पॉलिसी असणे सहसा सोयीचे पडते. मधुमेह, रक्तदाब किंवा जुनी शस्त्रक्रिया लपवू नये. ती लपवलेली माहितीच पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरते. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा करण्यात आला आहे, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर काढून टाकण्यात आला आहे. पॉलिसी वाचताना खोलीभाड्याची मर्यादा आणि आपल्याला भरावा लागणारा बिलाचा हिस्सा, ही दोन कलमे आधी पाहावीत. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास केवळ भाड्याचा फरकच नव्हे, तर बिलातील इतर बाबीही त्याच प्रमाणात कापल्या जाऊ शकतात. मुलाच्या कंपनीचा विमा असेल तर त्यात आईवडील समाविष्ट आहेत का, हे विचारावे. नोकरी सुटली की ते संरक्षणही सहसा सुटते.

हप्ता परवडत नसला तरी हात टेकण्याचे कारण नाही. ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या सोयीत, योजनेशी संलग्न इस्पितळांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. नोंदणीसाठी आधार कार्ड लागते. हा लाभ इस्पितळात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यातून भागत नाही, म्हणून आपला रकाना कायम राहतोच. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. कार्ड प्रकृती ठीक असतानाच काढावे आणि जवळचे कोणते इस्पितळ संलग्न आहे, ते आताच लिहून ठेवावे. रात्री दोन वाजता रुग्णवाहिका दारात उभी असताना ही चौकशी होत नाही.

आयकराची जुनी प्रणाली निवडणाऱ्या मुलांनी आणखी एक लाभ विसरू नये. ज्येष्ठ नागरिक असलेल्या आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा हप्ता ५०,००० रुपयांपर्यंत वजावटीस पात्र ठरतो. त्यांचा विमाच नसेल, तर त्यांच्यासाठी केलेला औषधोपचाराचा खर्च त्याच मर्यादेत दाखवता येतो. त्यासाठी पैसे रोखीने देऊ नयेत. बँकेतून द्यावेत आणि पावत्या जपाव्यात.

एक खर्च मात्र कोणत्याच पावतीवर येत नाही, तो शुश्रूषेचा. घरात कोणी अंथरुणाला खिळले की सुनेने किंवा लेकीने नोकरी सोडावी, हा तोडगा फुकट आहे असे गृहीत धरले जाते. त्यात तिचा पगार, भविष्य निर्वाह निधी, बढती आणि पुन्हा नोकरी मिळण्याची शक्यता, सारे जाते. मदतनीस ठेवण्याचा खर्च आणि नोकरी सोडण्याचा तोटा हे दोन्ही आकडे शेजारी मांडून मगच निर्णय घ्यावा, आणि तो तिच्या संमतीने व्हावा. काळजी घेणारी व्यक्ती खचली, तर ज्येष्ठांची काळजी तरी कोण घेणार?

ज्येष्ठ वाचकांना एक वडीलकीची विनंती. मुलाचे कर्ज फेडण्यासाठी आपली सारी पुंजी एकदम रिती करू नये. साठी ओलांडलेल्यांसाठी असलेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेव ठेवता येते आणि दर तिमाहीस व्याज मिळते. औषधांच्या रकान्याला असा नियमित आधार मोलाचा असतो. आपण स्वतःच्या पायावर उभे राहिलो, तर मुलांच्या संसाराला तीच मोठी मदत ठरते. ठेवींवर वारसाचे नाव नोंदवावे आणि आपण आजारी पडल्यास खात्यातून पैसे कोण व कसे काढू शकेल, हे बँकेत विचारून घ्यावे. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण घरच्या माणसांसमोर ती उघडावी लागते.

येत्या पंधरवड्यात एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. दूरदर्शन संच बंद करून, सर्वांनी एकत्र बसून, महिन्याच्या औषधांची यादी, तपासण्यांच्या तारखा, विम्याची पॉलिसी आणि कार्डे एका फायलीत लावावीत. फाइल कोठे आहे हे घरातील किमान दोघांना ठाऊक असावे. बोलण्यास सुरुवात ज्येष्ठांनीच करावी, म्हणजे मुलांचा संकोच गळून पडेल. आणि कोणी गुपचूप गोळ्या वगळत असेल, तर त्याच बैठकीत सांगून टाकावे. दुसऱ्या दिवसापासून औषध वेळेवर आणि पूर्ण मात्रेत सुरू झाले की त्या संध्याकाळचे सार्थक झाले असे समजावे. मधे बरेच दिवस खंड पडला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.