चेहऱ्याला टेप लावणाऱ्यांनो

परवा मधल्या सुट्टीत नववीच्या वर्गात गेले, तर चार मुली एकीभोवती जमलेल्या. हातात शिवणकामाची टेप. आधी कपाळ, मग गालफडं, मग जबडा, शेवटी केस सुरू होतात तिथपासून हनुवटीपर्यंत. आकडे वहीच्या मागच्या पानावर. घरी मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओप्रमाणे हिशेब झाला आणि निकाल लागला: ‘चौकोनी’. बाकीच्या हसल्या, ती हसली नाही. मला म्हणाली, “मॅडम, चौकोनी म्हणजे मुलांसारखा ना?” तेव्हापासून ती ओढणी गालांवर ओढून बसते. वर्गाचा फोटो निघाला त्या दिवशी ती शाळेतच आली नाही.

त्या रात्री मीही टेप घेऊन आरशासमोर बसले. नियम सोपे आहेत. लांबी रुंदीच्या साधारण दीडपट असेल तर चेहरा अंडाकृती. दोन्ही जवळपास सारख्या तर गोल. जबडा रुंद, कोनदार तर चौकोनी. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती तर बदामी. माझी लांबी १८ सेंटिमीटर, गालफडांशी रुंदी १४. भागाकार जेमतेम १.३. म्हणजे ना धड गोल, ना धड अंडाकृती. मग फोन घेतला. हात लांब करून फोटो काढला तर एक आकार, मुलाला दोन मीटरवरून काढायला सांगितला तर दुसराच. यात जादू काही नाही. कॅमेरा तोंडाजवळ असला की नाक पुढे येतं, गाल-कान मागे सरकतात आणि चेहरा अरुंद दिसतो. लांबून तोच चेहरा रुंद दिसतो. ज्या मोजमापाचं उत्तर हाताच्या लांबीवर बदलतं, त्यावर एका पोरीनं फोटो टाळावा?

कुणी म्हणेल, मॅडम, गंमत आहे, मनावर काय घेता! चश्म्याची फ्रेम निवडायला, दाढी कशी कोरायची ते ठरवायला आकार कळला तर बिघडलं काय? काहीच नाही. हरकत मोजण्याला नाही, मोजल्यानंतरच्या धड्याला आहे. हे व्हिडिओ नीट पाहा. गोल चेहरा असेल तर तो लांब कसा भासवायचा, चौकोनी असेल तर कोपरे कसे लपवायचे, लांब असेल तर आखूड कसा दाखवायचा. सगळ्या वाटा अंडाकृतीकडेच. एक आकार पास, बाकी सगळे नापास. वर नापासांसाठी पावडर-क्रीमचं दुकान तयार.

मी उर्दू शिकवते. आमच्याकडे लांबट चेहऱ्याला ‘किताबी चेहरा’ म्हणतात आणि ती तारीफ असते. गोल चेहऱ्याला चांद म्हणता म्हणता शायरांच्या पिढ्या सरल्या. मराठीतली चंद्रमुखीही काही अंडाकृती नव्हती! दोन्ही भाषांत इतकी जागा असताना आपल्या मुलींना एकाच साच्यात कोंबायचा अधिकार कुणाला दिला?

आणि चेहरा मोजून माणसाची पायरी ठरवणं आपल्या देशाला नवीन नाही. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर असा हिशेब करून जातींची उतरंड समजावून सांगत. रुंद नाक खाली, सरळ अरुंद नाक वर. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात नाकाच्या मोजमापांचेच आकडे पुढे ठेवले आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे, हा सिद्धांत खोडून काढला. टेप तीच होती, पण ती कोण आणि कशासाठी धरतो यानं फरक पडला.

आता बोट स्वतःकडे. एसटीत, बँकेत, प्रशिक्षणात मला किती वेळा ऐकवलं गेलं असेल, “तुम्ही मुस्लिम वाटत नाही हो.” बोलणाऱ्याला ते कौतुक वाटतं. मला राग येतो, आपल्या सगळ्यांनाच येतो. पण हाच राग रिश्ता बघायला जाताना कुठे जातो? मुलगी चहाचा ट्रे घेऊन येते, सलाम करते आणि परतताना रिक्षात आपल्याच खाला-फुफी म्हणतात, “लडकी अच्छी है, पण जबडा जरा मोठा आहे.” तिनं डीएड केलं, अब्बांचं आजारपण काढलं, ते कुणी विचारलंच नाही. आपल्याला चेहऱ्यावरून ओळखलं तर तो अन्याय, आणि आपण पोरीला चेहऱ्यावरून नाकारलं तर ती पसंती? मी स्वतः भावासाठी मुली बघायला गेले होते. तेव्हा अशा बोलण्यावर गप्प बसले. ते गप्प बसणं आज सलतं.

त्या मुलीला मी समजावत बसले नाही. समजावून ओढणी सरकत नाही. वर्गाला निबंध दिला: घरातल्या एका माणसाच्या चेहऱ्याबद्दल दहा ओळी, त्यात गोरा, सुंदर आणि कुठल्याही आकाराचं नाव नको. तिनं दादीबद्दल लिहिलं. दात पडल्यावर दादीचे गाल आत गेले, पण हसताना जबडा अजून अम्मीसारखाच दिसतो, असं. मी खाली लिहिलं, “आणि तुझ्यासारखा.”

ओढणी अजून गालांवरच आहे. तेव्हा पुढच्या रविवारी रिश्ता बघायला निघणाऱ्या माझ्या बहिणींनो, टेप घरी ठेवून जा. डोळ्यांतलीसुद्धा.