फुकट म्हणजे कसंतरी नव्हे

कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘फुकटच्या वकिलाचं काम फुकटच जातं.’ म्हणणारे बहुधा वकीलच असतात. अशिलाने पैसे मोजले तरच त्याला कामाची किंमत कळते आणि वकिलालाही जबाबदारी वाटते, असा त्यांचा युक्तिवाद.

यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. आरोपीचं तोंडही न पाहता नेमणुकीचा कागद घेऊन थेट तारखेला उभे राहणारे वकील मी पाहिले आहेत. पण तारखेगणिक फी मोजणाऱ्या अशिलालाही ‘साहेब बाहेरगावी आहेत’ हे ऐकावं लागतंच की! फी घेऊन मुदती मागणाऱ्यांची उदाहरणं काढली तर हा अंक पुरायचा नाही. फुकटपणाला दोष देऊन उपयोग नाही. जाब विचारणारं कुणी नाही, हे खरं दुखणं.

१९७९ साल घ्या. कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांवर ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिलं. ते वाचून ॲड. कपिला हिंगोराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गुन्हा शाबीत होऊन जास्तीत जास्त जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ खटल्याविनाच आत काढलेली माणसं त्यांत होती. हाच तो हुसैनारा खातून खटला. त्या कैद्यांकडून फी कुठून येणार होती? आणि ते काम फुकट गेलं, असं कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप जरा सभ्य आहे: सरकारची विधी सेवा आहे ना, मग वकिलांनी पदरमोड कशाला करायची? आहे खरी. १९८७चा कायदा १९९५मध्ये अमलात आला. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतला माणूस यांना तर उत्पन्न न पाहता वकील मिळतो. पण वकील मिळाला म्हणजे माणूस सुटला असं नाही. १९७८च्या मोतीराम खटल्यातल्या गवंड्याला जामीन खुद्द सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. शेवटी न्या. कृष्ण अय्यर यांनी हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं.

आजही गाडं इथेच अडतं. गावाहून सातबारा कोण आणणार? ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसीलमध्ये चकरा कोण मारणार? हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड आणि घामाने ओलसर झालेली जामिनाच्या हुकमाची नक्कल, अशी बाई कोर्टाच्या व्हरांड्यात बसून असते. तिला कायद्याचा पंडित नकोच असतो. कुठल्या खिडकीवर जायचं हे सांगून सोबत येणारं माणूस हवं असतं. या कामाचं बिल कुठल्या तक्त्यात बसत नाही.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ म्हणणाऱ्यांनाही एकच सांगणं: गरीब ती पायरी हौसेने चढत नाही, त्याला ओढून नेतात.

तेव्हा सनदवाल्या मित्रांनो, महिन्यातला एक दिवस काढा आणि तालुका विधी सेवा समितीकडे नाव द्या. बाकीच्यांनी मोफत वकिलाचा नंबर लिहून ठेवा: १५१००.