उसना कंठ

गेल्या श्रावणांत चार दिवस आम्ही लोणावळ्याजवळील औंढे येथें आप्तांच्या घरीं मुक्कामास होतों. मावळांतला पाऊस, बाहेर पाऊल टाकणें अशक्य. आमच्या भाचीनें मोबाइलवर कसलेंसें अमेरिकन गाणें लावलें होतें. ढोलाचा ठोका, इंग्रजी बोल, आणि मधूनच एक ओळखीचा हिंदी आवाज. माजघरांत वाल सोलीत बसलेल्या आमच्या आत्याबाईंचे हात एकदम थांबले.

"अगं, ही तर लता! ही तिकडं कशी गेली?"

जुन्या गाण्याचा तुकडा कापून नव्या गाण्यांत बसवितात, त्यास सॅम्पल म्हणतात, असा भाचीनें खुलासा केला.

"विचारलं होतं का पण तिला?"

भाचीला उत्तर देतां आलें नाहीं. आम्हांलाहि आलें नाहीं. पुण्यास परतल्यावर जें शोधलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आत्याबाईंचा कान खोटा नव्हता. मूळ गाणें 'ज्योति' ह्या १९८१ च्या हिंदी चित्रपटांतलें. संगीत बप्पी लाहिरी ह्यांचें, गळा लताबाई मंगेशकरांचा. २००२ सालीं डीजे क्विक ह्या अमेरिकन संगीतकारानें त्याचा चांगला लांबलचक भाग घेऊन 'ॲडिक्टिव्ह' हें गाणें रचलें. ट्रूथ हर्ट्स ह्या गायिकेनें तें म्हटलें, व अमेरिकेंतील लोकप्रिय गाण्यांच्या यादींत तें पहिल्या दहांत जाऊन बसलें. मूळ मालकांस विचारलेलें नव्हतें. दावे झाले. २००३ च्या फेब्रुवारींत लॉस एंजेलिसच्या न्यायालयानें हुकूम दिला कीं, लाहिरींचें नांव छापल्यावांचून ह्या तबकड्या विकूं नयेत.

ही तुकडे जोडण्याची रीति केवळ आळसांतून निघाली, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागांत १९७३ च्या सुमारास कूल हर्क नांवाच्या तरुणानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, त्यांतला नुसत्या तालाचा भाग आळीपाळीनें वाजवीत लांबविला. लोक त्यावर नाचूं लागले. गरिबांच्या वस्तींत तबकडी हेंच वाद्य झालें. १९८० नंतर तुकडा साठवून हवा तसा वाजविणारीं यंत्रें आलीं, आणि जगांतील कोणाचाहि कंठ कोणाच्याहि हातीं आला. अर्थ कळलाच पाहिजे असेंहि राहिलें नाहीं. एरिक सर्मन ह्यानें २००२ सालीं 'ताजमहाल' ह्या १९६३ च्या चित्रपटांतील कव्वालीचा तुकडा घेतला. एखाद्याला आत्मघाताचीच हौस असली तर त्याला कोणी काय करावें, अशा आशयाचे ते शब्द. आणि तिनें जें म्हटलें तेंच आपण आहों, असें हा गृहस्थ त्यावर बिनदिक्कत सांगतो! आत्याबाईंस हें ऐकविलें तेव्हां त्यांना हसूं आवरेना.

दुसऱ्याचा सूर घेण्याचा आम्हां मराठी माणसांस विटाळ असण्याचें कारण नाहीं. ह्याच मावळांत जात्यावर बसलेली बाई सासूकडून आलेली ओवी घेते, तींत आपल्या भावाचें नांव घालते, आणि ओवी तिची होते. अण्णासाहेब किर्लोस्करांपासून आमच्या रंगभूमीनें कानडी पदें, लावण्या, कीर्तनांतल्या चाली, सर्व कांहीं मोकळ्या हातानें घेतलें. १९१६ च्या 'स्वयंवरा'साठीं भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालगायकांच्या चिजाच आणून दिल्या. परंतु घरांत जुन्या नाटकाचें पुस्तक असेल तर उघडून पाहावें. पदाच्या माथ्यावर 'चाल' हा शब्द, आणि त्यापुढें मूळ गाण्याचे पहिले शब्द. नवें पद वाचण्यापूर्वीं जुन्याचा उल्लेख डोळ्यांखालून जाई. लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशानें याहून निराळें काय मागितलें?

तरी ओवीची गोष्ट वेगळी, हें कबूल केलें पाहिजे. तेथें सूर घेतला जातो. येथें गळाच नेला जातो, आणि त्याचा पैसा होतो. तो पैसा कोणाचा, ह्याचें उत्तर पुष्कळदां जुन्या कागदांत दडलेलें असतें. 'आराधना' चित्रपटांतील रफी-लता ह्यांच्या द्वंद्वगीताचा जेमतेम एका सेकंदाचा तुकडा २००५ च्या एका अमेरिकन गाण्यांत घेतल्याचा दावा सारेगामा कंपनीनें लावला. अपिलाच्या न्यायालयानें २०११ सालीं तो फेटाळला, कारण १९६७ च्या करारान्वयें पूर्वींच्या ग्रामोफोन कंपनीस तो हक्क अवघा दोन वर्षांपुरता मिळाला होता. ज्यांनीं तें गाइलें, त्यांचा प्रश्न ह्या वादांत निघालाच नाहीं.

सरळ व्यवहारहि झाले आहेत. ब्लॅक आइड पीज ह्या मंडळीनें २००५ सालीं 'डॉन' चित्रपटांतील आशाबाई भोसल्यांच्या गाण्याचा तुकडा घेतला, तेव्हां रचनाकारांच्या नांवांत कल्याणजी-आनंदजी हींहि नांवें आलीं. त्या गाण्यास पुढच्या वर्षीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. नांव छापल्यानें गाण्याचें कांहीं बिघडलें नाहीं.

हें सर्व आम्ही फोनवरून आत्याबाईंस सांगितलें. त्यांनीं एकच विचारलें, "त्या हुकुमात लताचं नाव होतं का?" हुकूम संगीतकाराच्या नांवापुरता होता, असें सांगावें लागलें. लताबाई ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं गेल्या, लाहिरी त्यानंतर नवव्या दिवशीं.

भाचीनें मधल्या काळांत 'ज्योति'मधलें तें गाणें आरंभापासून शेवटपर्यंत ऐकलें, आणि आपल्या मोबाइलमधील यादींत अमेरिकन गाण्यापुढें कंसांत लिहून ठेवलें: 'चाल: ज्योति, १९८१, लता.' आत्याबाईंचें म्हणणें, कंस काढावा.