कुठे सही करू?

आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलाला वा मुलीला पहिली नोकरी लागली, की घरोघरी एकच उपदेश ऐकू येतो : 'मिळाली आहे ना, मग मुकाट्याने कर. साहेबांना उलट बोलू नकोस. सुरुवातीला सर्वांनाच सोसावे लागते.' हा उपदेश आम्हीही केला आहे. आज आम्हाला त्याविरुद्ध लिहावयाचे आहे, कारण तो शहाणपणाच्या वेषातील आळस आहे आणि त्याची किंमत ऐकणाऱ्याला मोजावी लागते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या कन्येला अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी लागली. नेमणूकपत्र अकरा पानांचे होते. ते तिने संध्याकाळी घरी आणले, तेव्हा आम्ही पहिल्या पानावरचा आकडा पाहिला, तिच्या आईला हाक मारली आणि पेढे आणावयास निघालो. 'पप्पा, कुठे सही करू?' असे तिने विचारले. जेथे जेथे पेन्सिलीची फुली आहे तेथे तेथे कर, असे आम्ही पायांत चपला सरकवता सरकवता सांगितले. आतल्या पानांवर दोन वर्षांचे बंधपत्र होते. मध्येच नोकरी सोडल्यास दीड लाख रुपये भरावयाचे होते आणि तोवर पदवीचे मूळ प्रमाणपत्र कंपनीच्या ताब्यात राहावयाचे होते. रोज रात्री साडेदहाच्या विरार गाडीने परतणाऱ्या त्या मुलीला चौदा महिन्यांनी घराजवळ चांगली जागा चालून आली. ती तिला घेता आली नाही. नव्या ठिकाणी मूळ प्रमाणपत्र दाखवावयाचे होते आणि ते अंधेरीच्या कपाटात होते. ती आम्हाला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

वाचकहो, आमच्या पिढीने आपले नेमणूकपत्र कधी वाचले होते? वसईच्या पट्ट्यातील आम्ही मंडळी बँकांत, विमा कंपन्यांत, रेल्वेत, टेलिफोन खात्यात, महापालिकेच्या शाळांत चिकटलो. आम्ही स्वतः बँकेत होतो. बँक कर्मचाऱ्याचा पगार, रजा, कामाचे तास, त्याला कोणत्या कारणासाठी काढता येईल आणि कोणत्या नाही, हे सारे १९६६ पासून द्विपक्षीय करारांनी ठरत आले. त्या करारांतील ओळ न् ओळ संघटनेच्या माणसांनी व्यवस्थापनासमोर बसून घासून घेतलेली असे. आम्हाला ते कागद वाचावे लागले नाहीत, कारण आमच्यासाठी कुणीतरी ते वाचले होते. (संघटनेची वर्गणी देताना आम्ही कुरकुर करीत असू, ही गोष्ट वेगळी.) आमच्या मुलांसाठी मात्र असे कुणीही वाचलेले नाही. समोर कंपनीचा वकील, इकडे बावीस वर्षांचे पोर, आणि त्याच्या पाठीशी आमचा उपदेश : मुकाट्याने कर.

या मुलांना पगार म्हणजे काय हेही आम्ही शिकवीत नाही. 'सहा लाखांचे पॅकेज' हा शब्द हल्ली लग्नाच्या बोलणीतसुद्धा ऐकू येतो. समजा, या सहा लाखांत मूळ वेतन महिना २५,००० रुपये आहे आणि भविष्य निर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर कापला जातो. महिन्याच्या पन्नास हजारांतून मालकाचा १२ टक्के हिस्सा, म्हणजे ३,००० रुपये, आधीच वेगळे निघतात. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे १,२०० बाजूला पडतात. कायम नोकरीत ही रक्कम पाच वर्षे सलग सेवा झाल्याशिवाय एरवी हाती येत नाही. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम दहा टक्के धरली, तर आणखी ५,००० वर्षअखेरीच्या भरवशावर. मग मुलाचा स्वतःचा ३,००० चा हिस्सा आणि २०० रुपये व्यवसाय कर. बँकेत जमा होतात साडेसदतीस हजारांच्या आसपास. यात फसवणूक आहेच असे नाही. निर्वाह निधी मुलाचाच आहे. पण आम्ही पन्नास हजारांचा हिशेब धरून घराच्या कर्जाचा हप्ता ठरवितो आणि दहा तारखेला मुलाला विचारतो, 'बाकीचे कुठे उडविलेस?'

बंधपत्राविषयी तर दोन्ही बाजूंनी अज्ञान आहे. 'अरे, बॉण्डला कोर्टात काडीची किंमत नसते,' असे चौकातला वकील सांगतो. ते खोटे आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका सार्वजनिक बँकेचे तीन वर्षांचे, दोन लाखांचे बंधपत्र वैध ठरविले आहे. 'बॉण्ड मोडलास तर पोलीस येतील,' असे कंपनीतला कारकून सांगतो. तेही खोटेच. हे दिवाणी प्रकरण आहे. कोणतेही न्यायालय माणसाला जबरीने नोकरीत बसवीत नाही, आणि करारात आकडा काहीही लिहिलेला असो, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मागता येते. मूळ प्रमाणपत्र पडताळणीसाठी दाखवावे, छायाप्रत द्यावी आणि मूळ परत घरी आणावे, एवढे सांगावयास कायद्याची पदवी लागत नाही. आम्ही सांगितले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. लेखी नेमणूकपत्र त्यांनी बंधनकारक केले आहे, आणि भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून वर गेला तर वरची रक्कम वेतनातच धरावयाची, असे ठरले आहे. पत्र मिळणार. ते वाचणार कोण?

आमचे काही स्नेही म्हणतील, हल्लीच्या मुलांत सोशिकता नाही, वर्षात दोन-दोन नोकऱ्या बदलतात. असतील अशीही. वेळेवर जाणे, चूक दाखविली तर न रुसणे, न आवडणारे कामही नीट करणे, हे शिकावेच लागते आणि त्याला पर्याय नाही. परंतु सोसावयाचे काय हे ज्याला कळते, त्याच्याच सोसण्याला सोशिकता म्हणतात. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले. गरजेपोटी वा भीतीपोटी कामगाराने कठोर अटी मान्य केल्या तर तो अन्यायाचाच बळी होय, असे त्यांनी त्यात बजावले आहे. विद्यमान पोपनी २०२५ साली लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाचे स्मरण केले. आपण त्या नावाचे कौतुक केले, फोटो लावले.

आणि कंपनीलाच काय दोष द्यावा! पहिल्या पगाराची चिठ्ठी हाती आली, की आपल्याच आळीतले काका-मामा फॉर्म घेऊन दारात उभे राहतात : 'बाळा, कर्जाला जामीन राहा, नुसती सही हवी.' जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे त्या बाळाला कुणी सांगत नाही; सांगितले तर नातेवाइकांत वाईटपणा येतो. कोणत्या मित्राबरोबर कुठे जायचे यासाठी ज्याला अजून परवानगी मागावी लागते, तो जामीन राहावयास मात्र सज्ञान ठरतो.

१९१८ साली वसईत कॅथलिक बँक उभी राहिली. सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा उठविण्याची पाळी आपल्या माणसांवर पुन्हा येऊ नये, ही तळमळ ज्यांना होती त्यांची आम्ही नातवंडे. विवाहापूर्वी तयारीचे शिबिर केल्याशिवाय आपण कुणाला वेदीपुढे उभे करीत नाही, आणि ते योग्यच आहे. नोकरीपूर्वी एक संध्याकाळही का असू नये? प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त बँक अधिकारी आहेत, कामगार न्यायालयात उभे राहिलेले वकील आहेत, संघटनेत केस पांढरे झालेले कार्यकर्ते आहेत. जूनमध्ये निकाल लागले, की सभागृहात टेबल मांडावे आणि ज्याला नेमणूकपत्र आले असेल त्याने ते घेऊन यावे. पहिल्या टेबलावर आम्ही बसू.

आमच्या मुलीचे प्रमाणपत्र मुदत संपल्यावर परत मिळाले, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, मधोमध घडी घातलेले. गेल्या वर्षी तिने दुसरी नोकरी धरली. ते पत्र तिने आम्हाला दाखविले नाही. सही करून आल्यावर जेवताना सांगितले. त्यात नोटिशीची मुदत किती आहे, हे आम्हाला अजून ठाऊक नाही.