संख्या, एकक आणि यंत्रपरीक्षक

लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वीय त्वरण मोजण्याचा प्रयोग शालेय विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. लंबकाची लांबी १.०० मीटर असून वीस आंदोलनांस ४०.२ सेकंद लागले, तर गणिताने ९.७७ मीटर प्रति वर्ग सेकंद हे मूल्य येते. आता चार विद्यार्थ्यांची उत्तरे संगणकाकडे तपासणीस दिली आहेत असे समजू. पहिल्याने वरील मूल्य एककासह लिहिले. दुसऱ्याने ९७७ सेंटिमीटर प्रति वर्ग सेकंद असे लिहिले. तिसऱ्याने ९.७७१६ मीटर प्रति वर्ग सेकंद असे, तर चौथ्याने नुसतेच ९.७७. ठरलेल्या मर्यादेत बसणारी संख्या तेवढी बरोबर, एवढाच नियम यंत्रास दिलेला असेल, तर दुसऱ्याला शून्य आणि चौथ्याला पूर्ण गुण मिळतील. वस्तुतः दुसऱ्याचे उत्तर पहिल्याइतकेच योग्य आहे. चौथ्याने तर भौतिक राशी सांगितलेलीच नाही.

तिसऱ्याचा दोष अधिक सूक्ष्म आहे. घड्याळ सुरू व बंद करताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते. ही चूक सुमारे अर्ध्या टक्क्याची. पण सूत्रात आवर्तकालाचा वर्ग येत असल्याने उत्तरात ती एक टक्का, म्हणजे जवळजवळ ०.१ होते. तेव्हा दशांशचिन्हापुढील दुसरा अंकच जेथे संशयास्पद, तेथे चौथ्याची काय कथा! खरे पाहता ९.८ लिहून थांबणारा पाचवा विद्यार्थी या चौघांहून अधिक जाणता म्हणावा लागेल.

हा दोष यंत्राचा नव्हे, त्याला नियम देणाऱ्यांचा आहे. एकके ओळखून, त्यांच्या मिती ताडून, मूळ एककात रूपांतर करून मग तुलना करणे संगणकास मुळीच अवघड नाही. अचूकतेची परीक्षा मात्र नाजूक आहे. विद्यार्थ्याने २.५० असे लिहिले आणि यंत्राने ते केवळ संख्या म्हणून साठविले, की शेवटचे शून्य नाहीसे होते. ते शून्य तर त्याने मोजून मिळविलेले असते. म्हणून उत्तर प्रथम लिहिले तसेच जतन करावे आणि मूल्य, एकक व अचूकता यांना निरनिराळे गुण द्यावेत.

‘गेट’सारख्या अखिल भारतीय परीक्षेत संख्यात्मक प्रश्नांना केवळ संख्या भरावयाची असते व उत्तरसूचीत मान्य मूल्यांची मर्यादा दिलेली असते. असंख्य उत्तरे एकाच मापाने तपासावयाची असता ही सोय समजण्यासारखी आहे. परंतु तीच पद्धत रोजच्या गृहपाठात आली, तर एकक हे प्रश्नपत्रिकेने पुरवावयाचे असते, अशी मुलांची समजूत होईल. १९९९ साली मंगळाजवळ नष्ट झालेल्या अमेरिकन ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यानाच्या बाबतीत आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले गेले आणि न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक होता, आणि नुसत्या आकड्यांत तो कोणास दिसला नाही.