फीच्या पावतीतले इंटरनेट



जून-जुलै आला की वस्तीवस्तीत एकच धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, फोटो. आणि सगळे जमले की शेवटी हातात पडते ती फीची पावती. ती आपण नीट घडी घालून कपाटात ठेवतो, पण वाचत मात्र नाही. यंदा ती एकदा वाचा. प्रवेश, ग्रंथालय, जिमखाना या ओळींच्या खाली पुष्कळ ठिकाणी 'संगणक' किंवा 'इंटरनेट' अशीही एक ओळ असते. ज्या सेवेचे पैसे भरले, ती आपल्या मुलाला-मुलीला मिळते का, हे आपण कधी विचारतो का? आज आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत.

पुष्कळ आई-वडिलांना वाटते, इंटरनेट म्हणजे मोबाइलचे रिचार्ज. मुलगा म्हणतो 'डेटा संपला', आणि आई भाजीच्या पैशातून काढून देते. पण विद्यापीठाच्या आवारातले इंटरनेट ही वेगळी गोष्ट आहे. ते कोणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाही. त्यात जनतेचा पैसा आहे.

आपल्या देशात इंटरनेट आले तेच मुळी शिक्षणसंस्थांच्या दारातून. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन 'अर्नेट' नावाची योजना सुरू केली. त्यात आरंभी आठ संस्था होत्या. पैकी दोन मुंबईतल्या : पवईची आयआयटी आणि जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. सर्वसामान्य माणसाला पैसे भरून इंटरनेट घेता आले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाकडून. पुढे मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने विद्यापीठे आणि संशोधन संस्था एकमेकींना जोडण्यासाठी 'नॅशनल नॉलेज नेटवर्क' मंजूर केले. त्यासाठी ५,९९० कोटी रुपये ठरवले गेले. हा पैसा कराचा आहे. आणि काडेपेटी विकत घेणारा माणूससुद्धा कर भरतो.

हे जाळे चालते कसे? आपल्या नळाच्या पाण्यासारखे. मोठी जलवाहिनी येते, टाकीत पाणी पडते, मग चाळीच्या नळाला येते. तसेच काचेच्या तंतूंची केबल विद्यापीठाच्या संगणक केंद्रापर्यंत येते. तिथून विभाग, ग्रंथालय, वसतिगृह अशा शाखा फुटतात, आणि शेवटी भिंतीवरच्या छोट्या डब्यातून वायफाय मिळते. विद्यापीठाला १ गिगाबिटची जोडणी असली, म्हणजे सेकंदाला १,००० मेगाबिट, आणि एकाच वेळी १,००० मुले बसली, तर सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला १ मेगाबिट येतो. त्यात दहा जणांनी सिनेमे उतरवायला घेतले, तर अर्ज भरणाऱ्याचे पान उघडत नाही. सकाळी सगळ्यांनी नळ सोडला की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, तशीच ही गत. म्हणून मोठे काम पहाटे किंवा दुपारी करावे, आणि सामायिक पाणी जपून वापरावे.

पण खरा प्रश्न वेगाचा नाही. खरा प्रश्न आहे तो लॉगिनचा. विद्यापीठ विद्यार्थ्याला एक नाव आणि पासवर्ड देते. ते जणू ग्रंथालयाचे कार्ड. ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेले आहे, त्याला हे पहिल्या दिवशी ठाऊक असते. आपल्या मुलांना ते दुसऱ्या वर्षी कळते, कधी कळतच नाही. मग शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज भरायला ती सायबर कॅफेत पैसे मोजतात, आणि तिकडे कॉलेजचा संगणक रिकामा असतो. हे नुकसान आम्हाला फार लागते.

या लॉगिनने काय काय मिळते ते ऐका. संशोधनाची जी नियतकालिके एकट्या माणसाला परवडणार नाहीत, ती विद्यापीठाच्या जाळ्यातून वाचता येतात, कारण प्रकाशकाचा संगणक विद्यापीठाचा पत्ता ओळखतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके, असा तिचा पसारा आहे. ती केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे. तेव्हा आपले कॉलेज तिच्यात आहे की नाही, हे ग्रंथपालांना विचारले पाहिजे.

दुसरी सोय 'एज्युरोम'ची. भारतात ती अर्नेट चालवते. आपले विद्यापीठ तिच्यात असेल, तर आपल्याच लॉगिनने दुसऱ्या सभासद विद्यापीठातही वायफाय चालते, मग ते परराज्यात असो की परदेशात. परीक्षेला किंवा चर्चासत्राला गेलेल्या मुलाला याचा मोठा आधार होतो.

आणि ज्यांना लॉगिन नाही त्यांनी हात टेकू नयेत. विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर कोणालाही फुकट वाचता येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. 'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी पडते.

आता मुलींच्या आई-वडिलांशी दोन शब्द. 'पोरीच्या हाती इंटरनेट नको' असे अजून आपल्यातही बोलले जाते. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते १० मोबाइल बंद, असा नियम केला होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही. तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला, की इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्यावे. इतर मुलींना त्रास होऊ नये, ही जबाबदारीही न्यायालयाने तिच्यावर ठेवली. हक्क आणि जबाबदारी, दोन्ही एकाच निकालात आली. आम्हाला हे योग्य वाटते. मुलीला बंदीने नव्हे, समजुतीने जपावे.

जबाबदारीची आणखी एक गोष्ट. आपला पासवर्ड मित्रालाही देऊ नये. त्या नावाने कोणी काय केले, याची नोंद संगणक केंद्रात राहू शकते. कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच ते आहे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. प्रवेश झाला की त्याच आठवड्यात मुलाने किंवा मुलीने संगणक केंद्रात जाऊन विचारावे : माझे लॉगिन कुठे मिळेल? वसतिगृहात वायफाय आहे का? ग्रंथालयातले संगणक किती वाजेपर्यंत उघडे असतात? 'नंतर या' असे उत्तर आले, तर अर्ज लिहावा, त्याची पोच घ्यावी, आणि चार मुलांनी मिळून जावे. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याने जरासुद्धा संकोच धरू नये. त्याची फी सरकार भरते म्हणून त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

आणि ज्या मुलामुलींना हे ठाऊक झाले, त्यांनी आपल्या गल्लीतल्या पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन जावे, संगणक केंद्राचे दार दाखवावे. आपल्याला दोन वर्षे उशिरा कळले, ते त्याला पहिल्या दिवशी कळू द्या.